वर चढणाऱ्या पायऱ्या, खाली उतरणाऱ्या पायऱ्या

चिंतनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ती ११:१-९, उत्पत्ती २८:१०-२२, योहान ४:१-४२





मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आमच्या धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना घेऊन कमाटीबागेतले संग्रहालय पाहायला गेलो होतो. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८७ मध्ये हे संग्रहालय स्थापन केले आणि १८९४ मध्ये त्याची इमारत पूर्ण झाली. मुलांना तिथे दोनच गोष्टी पाहायच्या असतात. एक म्हणजे देवमाशाचा अजस्र सांगाडा आणि दुसरी म्हणजे इजिप्तची ममी. ममीपुढे मुले नेहमीसारखी गप्प झाली. मग प्रश्न सुरू झाले. ही मेली कशी? कापड का गुंडाळले? हिला पिरॅमिडमध्ये का नाही ठेवले? आम्ही आम्हाला ठाऊक होते तेवढे सांगितले आणि मोबाईलवर इजिप्तच्या सर्वांत जुन्या पिरॅमिडचे चित्र दाखवले. तो गुळगुळीत उताराचा नाही. तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

बाहेर पडल्यावर शेवउसळीच्या गाडीवर पैसे देताना आमच्यातल्या एका मुलीने शंभराची जांभळी नोट उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे बघा, तोच पिरॅमिड. फक्त खाली डोकं वर पाय केलाय."

नोटेच्या मागच्या बाजूला पाटणच्या 'राणी की वाव'चे चित्र आहे. मुलीचे बोलणे ऐकून सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. माणसाने जगभर देवासाठी, राजासाठी, पाण्यासाठी पायऱ्या बांधल्या. कुणी आकाशाकडे, कुणी पाताळाकडे. कशासाठी? आणि त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायची मुभा कुणाला होती? या दोन प्रश्नांचा धागा धरून आजचे चिंतन लिहीत आहोत.

राजाची कबर

इजिप्तमध्ये सक्कारा येथे जोसेर राजाचा पिरॅमिड आहे. ख्रिस्तापूर्वी सत्ताविसाव्या शतकातला, म्हणजे अब्राहामाच्याही कित्येक शतके आधीचा. त्याच्या आधी इजिप्तमध्ये राजांच्या कबरीवर एक चौकोनी, सपाट माथ्याचे बांधकाम करत. त्याला 'मस्तबा' म्हणतात. अरबी भाषेत मस्तबा म्हणजे बसायचा ओटा. आपल्या खेड्यातल्या घरासमोर असतो ना, तसाच, फक्त खूप मोठा. जोसेरच्या बांधकामाचा प्रमुख इम्होतेप होता. सुरुवात एका ओट्यापासूनच झाली. मग तो वाढवला, त्यावर दुसरा लहान ओटा चढवला, त्यावर तिसरा. असे करत सहा टप्पे झाले आणि सुमारे ६० मीटर उंचीची दगडी वास्तू उभी राहिली. एवढे मोठे दगडी बांधकाम त्याआधी कुणी केलेले नव्हते.

या पायऱ्या माणसाने चढायच्या नव्हत्या. एकेक टप्पा काही मीटर उंच आहे. त्या होत्या मेलेल्या राजासाठी. पुढच्या काळातल्या पिरॅमिडांच्या आतल्या भिंतींवर जे मंत्र कोरलेले सापडले, त्यांत राजा जिन्याने किंवा शिडीने आकाशात जातो अशी कल्पना वारंवार येते. राजाचा देह मात्र वर नव्हता. तो खाली, जमिनीत सुमारे २८ मीटर खोल खणलेल्या विवराच्या तळाशी, ग्रॅनाइटच्या कोठडीत ठेवला होता. तिथे त्याच्याशिवाय कुणी जायचे नव्हते. वाट बंद केलेली होती.

हा २८ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अब्राहामाच्या गावचा मनोरा

दुसरे उदाहरण आपल्याला पवित्र शास्त्रामुळे जवळचे आहे. अब्राहामाचे कुटुंब खास्द्यांच्या ऊर नगरातून निघाले, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. दक्षिण इराकमध्ये ऊरचे अवशेष आजही आहेत. ६ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच मैदानात निरनिराळ्या धर्मांच्या लोकांबरोबर प्रार्थना केली, तेव्हा टीव्हीवर मागे जो विटांचा मोठा चौथरा दिसत होता, तो ऊरचा झिगुरात. ख्रिस्तापूर्वी एकविसाव्या शतकात ऊर-नम्मू राजाने तो नन्ना या चंद्रदेवासाठी बांधायला घेतला. पायाची लांबी साठ मीटरच्या वर, रुंदी चाळीसच्या वर. आत कच्च्या विटा, बाहेर भाजलेल्या विटा आणि चुन्याच्या जागी डांबर. समोर तीन भव्य जिने, प्रत्येकाला सुमारे शंभर पायऱ्या. आतल्या कच्च्या विटांतला ओलावा निघून जावा म्हणून भिंतींत जागोजाग भोके ठेवलेली होती.

तिथे दगड मिळत नव्हता, म्हणून वीट आणि डांबर. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांच्या साहित्याचे वर्णन आहे, तेही नेमके हेच आहे: दगडाऐवजी भाजलेली वीट, चुन्याऐवजी डांबर. ज्याने हे लिहिले त्याला झिगुरात कसा बांधतात ते माहीत होते. बाबेल नगरातही असाच एक प्रचंड मनोरा होता. त्याच्या नावाचा अर्थ होता 'आकाश आणि पृथ्वी यांच्या पायाचे मंदिर'. यहुदी लोकांना बंदिवान करून नेणाऱ्या नबुखद्नेस्सर राजाने तो पुन्हा भव्य करून बांधला. म्हणजे देवाचे लोक परक्या देशात गुलामीत होते, तेव्हा तो मनोरा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

झिगुरात ही कबर नव्हती. ते देवाचे घर होते. माथ्यावर देवालय, तिथे पुजारी नैवेद्य नेत. झिगुरात ज्या आवारात असे, तिथे धान्याची कोठारे असत, कर जमा होई, हिशेब लिहिले जात. सामान्य शेतकरी धान्य घेऊन खाली येई आणि मान वर करून पाही. चढणारे वेगळे होते.

सागरापलीकडे

इजिप्त आणि इराकपासून हजारो मैल दूर, ज्यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती अशा मध्य अमेरिकेतल्या लोकांनीही हेच केले. माया लोकांच्या चिचेन इत्झा नगरातला कुकुल्कानचा पिरॅमिड नऊ टप्प्यांचा आहे. चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्याचा चौथरा मिळून ३६५ होतात, म्हणजे वर्षाचे दिवस. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा कलत्या उन्हात कठड्यावर सावल्यांचा एक नाग खाली सरपटत आल्यासारखा दिसतो. म्हणजे तो दगडांत बांधलेला पंचांग आहे. पेरणी कधी, सण कधी, हे पुजारी त्यावरून सांगणार. याच माया लोकांच्या पालेन्के नगरात १९५२ मध्ये पायऱ्यांच्या मंदिराखाली राजा पकालची कबर सापडली. त्याआधी तिथले पिरॅमिड केवळ देवळांचे चौथरे आहेत असेच समजले जाई.

आजच्या मेक्सिको शहराच्या मध्यभागी अझ्टेक लोकांचे महामंदिर होते. त्याच्या पायऱ्यांवर माणसांचे बळी दिले गेले, हे इतिहासाने नोंदवले आहे. सूर्याने रोज उगवावे म्हणून रक्त दिले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. हे वाचून अंगावर काटा येतो आणि आपण चटकन म्हणतो, "बरे झाले, पुढे तिथे ख्रिस्ताचा धर्म पोहोचला." पण थोडे थांबावे. त्याच देशात चोलुला येथे घनफळाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड आहे. तो आता झाडांनी झाकलेल्या टेकडीसारखा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर पवित्र मरियेचे सुंदर चर्च आहे. ते पाहून भाविकांना आनंद होतो. परंतु १५१९ मध्ये कोर्तेसच्या सैन्याने त्याच चोलुलात नि:शस्त्र लोकांची कत्तल केली होती. सैनिकांच्या निशाणावर क्रूस होता. उंच जागा ताब्यात घेण्याचा मोह आपल्या माणसांनाही सुटला नाही, हे कबूल केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

सगळ्याच पायऱ्या अशा भयाच्या होत्या असेही नाही. जावा बेटावरच्या बोरोबुदूरला, सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, बौद्धांनी टप्प्याटप्प्याचा डोंगरच बांधला. तिथे यात्रेकरूने एकेका टप्प्याला फेरी घालत, भिंतींवर कोरलेल्या कथा पाहत, सावकाश वर जायचे. पायऱ्या माणसाला शिकवण्यासाठीही बांधता येतात, याचे ते चांगले उदाहरण आहे.

एवढे पाहिल्यावर पायऱ्यांच्या पिरॅमिडांचे हेतू ढोबळ मानाने असे दिसतात: राजाची कबर, देवाचे घर, काळ मोजण्याचे साधन, राज्याचा दरारा आणि क्वचित साधनेची वाट. मूळ कल्पना एकच. देव उंच आहे, डोंगर उंच आहे, सपाट प्रदेशात डोंगर नसेल तर तो बांधावा आणि देवाजवळ जावे. ही ओढ खोटी नव्हती. माणसाच्या मनात परमेश्वराने स्वतःच ठेवलेली ती तहान आहे. फक्त बहुतेक ठिकाणी वर जाणारे मोजके होते, दगडविटा वाहणारे हजारो होते.

आपल्याकडचा उलटा डोंगर

आता नोटेकडे वळू. पाटणची राणी की वाव अकराव्या शतकातली. सोळंकी राजा भीमदेव (पहिला) याच्या स्मरणार्थ त्याची राणी उदयमती हिने ती बांधली. लांबी सुमारे ६५ मीटर, रुंदी २० मीटर आणि खोली सुमारे २७ मीटर. म्हणजे जोसेर राजाचा देह जेवढ्या खोलीवर पुरला, जवळजवळ तेवढ्याच खोलीवर. तिथे एका मेलेल्या राजासाठी तेवढे खणले. इथेही राजा मेलाच होता, पण त्याच्या विधवेने खणले ते जिवंत माणसांच्या पाण्यासाठी. सात मजले खाली उतरत जातात आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शेकडो मूर्ती आहेत. पुढे सरस्वती नदीच्या पुरांनी ती गाळाने भरली, शतकानुशतके मातीखाली राहिली आणि विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने ती मोकळी केली. २०१४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटले. उलटे बांधलेले मंदिर, असे तिचे वर्णन केले जाते. आमच्या वर्गातल्या मुलीने तेच आपल्या भाषेत सांगितले होते.

वाव कशी काम करते हे समजून घेण्यासारखे आहे. गुजरातेत पाऊस चार महिने, बाकी आठ महिने कोरडे. साध्या विहिरीत पाणी खाली गेले की दोर लांब करावा लागतो. वावेत माणूसच पाण्याकडे जातो. पावसाळ्यानंतर पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत असते, उन्हाळ्यात एकेक टप्पा उघडा पडतो आणि बाया तेवढ्या जास्त पायऱ्या उतरतात. मधले खांबांचे मजले नुसते शोभेचे नाहीत. दोन्ही बाजूंची माती आत ढासळू नये म्हणून ते भिंतींना आधार देतात. आत सावली आणि गारवा असतो. वाटसरू, व्यापारी, गुराखी तिथे बसत, झोपत. पायऱ्या उतरतानाच अंगाची काहिली कमी होते.

मोढेऱ्याच्या सूर्यकुंडात तर चारी बाजूंनी पायऱ्यांचे लहान लहान त्रिकोण खाली उतरतात. कुणी पिरॅमिड उचलून जमिनीत उमटवला असे वाटते. अहमदाबादजवळ अडालजची पाच मजली वाव १४९९ ची. तीही एका राणीच्या, रुडाबाईच्या नावाने ओळखली जाते. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे. ती पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे राजवाड्याहून साडेचारशेहून अधिक वर्षे जुनी. शहराच्या पश्चिमेला सेवासीची वाव सोळाव्या शतकातली. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना बारव वेगळी सांगायला नको. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर शाहू छत्रपतींच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. उदयमती, रुडाबाई, वीरूबाई. घागर डोक्यावर कुणाच्या असते हे बायकांना ठाऊक होते, म्हणून असेल कदाचित.

पुढे इंग्रजांच्या काळात आणि नंतरही या वावा मागे पडल्या. लोक पाण्यात पाय घालत, त्यातून नारूचा रोग पसरे. नळ आले, हातपंप आले आणि वावेत कचरा पडू लागला. पण नारूमुळे पायऱ्या बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या काही माणसांसाठी बंदच होत्या. ती गोष्ट सांगितल्याशिवाय उलट्या डोंगराचे कौतुक करणे खोटेपणाचे होईल.

आजीने मोजलेल्या पायऱ्या

आमची आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी प्रतापनगरला आले तेव्हा ती बडोद्यात आली. तिच्या माहेरच्या गावात एक दगडी बारव होती. आजी सांगायची, "एकोणतीस पायऱ्या होत्या." आम्ही लहानपणी विचारायचो, "आजी, तू रोज एकोणतीस पायऱ्या चढायचीस, घागर घेऊन?"

ती म्हणायची, "न्हाई रे बाबांनो. मी वरनं मोजल्या. बसून."

तिच्या लोकांना पायरीवर पाऊल ठेवायची मनाई होती. काठावर, जरा लांब, घागर ठेवून बसायचे. कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतायची, घागरीला तिचा हात लागणार नाही अशा बेताने. कधी तास जायचा, कधी दुपार जायची. बसल्या बसल्या आजी पायऱ्या मोजायची. आयुष्यभर तो आकडा तिच्या लक्षात राहिला.

कमाटीबागेच्या ज्या फाटकातून आम्ही मुलांना घेऊन गेलो, त्या बागेलाही अशी एक आठवण आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना शहरात राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावले गेले, तेव्हा ते याच बागेत एका झाडाखाली बसले आणि रडले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या ते हजारो लोकांसह उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांच्या मागून उतरणाऱ्यांना घरी परतताना लोकांचा मार खावा लागला. चार-सहा पायऱ्या उतरण्यासाठी एवढी किंमत. आम्ही मुलांना ममी दाखवली आणि या झाडाची जागा दाखवायची राहून गेली. पुढच्या वर्षी प्रथम तिथे जाणार आहोत.

म्हणजे पायऱ्या वर जाणाऱ्या असोत की खाली, माणूस त्यांच्यावर पहारा बसवतोच. बाबेलमध्ये वर जाऊ दिले नाही, आमच्या आजीला खाली जाऊ दिले नाही.

आणि हे फक्त इतरांच्या बाबतीत खरे आहे असे म्हणून सुटता येत नाही. यरुशलेमच्या मंदिराकडे जाताना यात्रेकरू गात असत ती पंधरा आरोहणस्तोत्रे आपण आजही प्रार्थनेत म्हणतो, १२० ते १३४. त्याच मंदिरात एका विशिष्ट कठड्यापलीकडे परजातीयाने गेल्यास त्याचा मृत्यू ओढवेल, अशी सूचना ग्रीक भाषेत दगडावर कोरून लावली होती. १८७१ मध्ये तो दगड सापडला. मध्ये असलेली आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे संत पौल इफिसकरांस लिहितो, तेव्हा त्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे असा खरा दगड होता. आणि भिंत पाडल्यानंतरही आपल्या देशात काही चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळे बाक आणि वेगळी कबरस्थाने राहिली. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

शिडी आणि विहीर

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. याकोबाच्या नावाशी दोन जागा जोडलेल्या आहेत. एक शिडी आणि एक विहीर. एक वर जाणारी, एक खाली.

शिडीची गोष्ट उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात आहे. आपल्या मराठी शास्त्रात 'शिडी' शब्द आहे. मूळ इब्री शब्द संपूर्ण जुन्या करारात एकदाच आला आहे आणि त्याचा अर्थ जिना असाही होऊ शकतो, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे याकोबाने स्वप्नात कदाचित झिगुरातासारखाच मोठा जिना पाहिला असेल. त्याचा आजोबा ऊरहून आलेला, त्याच्या घरात त्या मनोऱ्याच्या गोष्टी नक्कीच सांगितल्या जात असणार. पण फरक पाहा. हा जिना याकोबाने बांधलेला नाही. त्याने एक वीटही भाजलेली नाही. तो भावाला फसवून पळालेला, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेला माणूस आहे. तो एक पायरीही चढत नाही. देवच त्याच्याशी बोलतो, जिथे तो पडला आहे तिथे. बाबेलच्या लोकांनी अतोनात कष्ट करून जे मिळवायचा प्रयत्न केला, ते याकोबाला झोपेत फुकट मिळाले.

आणि निर्गमच्या विसाव्या अध्यायाच्या अखेरीस परमेश्वर मोशेला वेदीविषयी जे सांगतो, ते आपण सहसा भरभर वाचून पुढे जातो. वेदी मातीची किंवा न घडवलेल्या दगडांची करा आणि तिच्यावर पायऱ्यांनी चढू नका, अशी ती आज्ञा आहे. कारण तिथे लज्जेचे दिले आहे. पण इजिप्तच्या विटाभट्ट्यांतून नुकत्याच सुटलेल्या गुलामांना ही आज्ञा कशी ऐकू आली असेल, याचा विचार करा. ज्यांनी आयुष्यभर फारोसाठी विटा केल्या, त्यांना त्यांचा देव म्हणतो की माझ्यासाठी उंच बांधू नका.

विहिरीची गोष्ट योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. शोमरोनातली याकोबाची विहीर आजही नाब्लुस शहरात एका चर्चखाली आहे. यात्रेकरूंना पायऱ्या उतरून तिच्यापाशी जावे लागते. दुपारची वेळ, प्रभू येशू थकून विहिरीपाशी बसला आहे. त्याच्याकडे पोहरा नाही. शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. आणि तो तिच्याकडे पाणी मागतो.

बोलता बोलता बाई त्याला एक जुना वाद विचारते: देवाची उपासना कुठे करायची, आमच्या या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमेत? कोणती उंच जागा खरी, हाच तो प्रश्न. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोनी मंदिर यहुदी सत्ताधीशाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाडले होते. तो घाव ओला होता. प्रभू येशू तिला सांगतो की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, पिता आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करणाऱ्यांना शोधतो. जगभरच्या सगळ्या बांधलेल्या डोंगरांना हे एकच उत्तर पुरे आहे. देव वर बसून चढणाऱ्यांची वाट पाहत नाही. तो विहिरीच्या काठावर येऊन बसतो, जिथे आमची आजी बसली होती तिथे.

आजीला लिहिता-वाचता फारसे येत नव्हते. आम्ही तिला रविवारी दुपारी शास्त्र वाचून दाखवायचो. हा अध्याय आला की ती प्रत्येक वेळी मधेच थांबवायची. जिवंत पाण्याच्या उपदेशापर्यंत ती आम्हाला पोहोचूच द्यायची नाही. म्हणायची, "आधी मागितलं त्यानं. तिच्या हातचं पानी मागितलं. आमच्या हातचं कोन पीत होतं?" आम्ही पुढे धर्मशिक्षणाचे कोर्स केले, पुस्तके वाचली. पण या अध्यायाचा याहून चांगला अर्थ आम्हाला अजून कुणी सांगितलेला नाही.

ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, नम्र केले, असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो. विश्वासांगीकारात आपण कबूल करतो की तो मृतांमध्येही उतरला. जोसेरच्या कबरीत ज्या खोलीवर फक्त एका राजाचा देह होता आणि वाट बंद होती, त्याहूनही खाली आपला राजा गेला, आणि त्याने वाट उघडी ठेवली.

आपल्या दारातल्या पायऱ्या

शेवटी एक घरगुती गोष्ट. आमच्या चर्चच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. आम्हाला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका गेली काही वर्षे मिस्साला बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसतात. आम्हाला वाटायचे त्यांना मोकळी हवा आवडते. हा लेख लिहायला घेतल्यावर एके रविवारी आम्ही त्यांना सहज विचारले. ते हसून म्हणाले, "गुडघे चढू देत नाहीत हो. आणि दर वेळी चौघांना उचलायला लावायचं, बरं दिसत नाही. इथून घंटी ऐकू येते ना."

घंटी ऐकू येते. आमची आजीसुद्धा वरून पाणी पाहत होतीच.

आता आम्ही काही जणांनी मिळून धर्मगुरूंकडे उताराच्या वाटेसाठी अर्ज दिला आहे. त्यांनी पुढच्या सभेत विषय घ्यायचे कबूल केले आहे. खर्च येईल, एका बाजूची फुलझाडे काढावी लागतील, काहींना दर्शनी भाग बिघडेल असे वाटते. ते सगळे बोलून ठरेल. तोपर्यंत काकांपर्यंत ख्रिस्तशरीर घेऊन आपण पाच पायऱ्या उतरायच्या, एवढे नक्की झाले आहे.

तुमच्या धर्मग्रामात, तुमच्या घरी, तुमच्या मनात अशी कोणती पायरी आहे की जिच्यापाशी कुणीतरी बसून पायऱ्या मोजत आहे? या आठवड्यात एकदा दाराबाहेर उभे राहून पाहा, आणि जमले तर त्या माणसाकडे आधी आपणच पाणी मागा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, आम्ही उंच बांधतो आणि तू खाली येऊन बसतोस. आम्ही दारावर पहारा ठेवतो आणि तू काठावरच्या माणसाकडे पाणी मागतोस. ज्यांना आम्ही पायरीवरून परत पाठवले त्यांची क्षमा मागायला आम्हाला शिकव. आमच्या गुडघ्यांत उतरण्याचे बळ दे. जे बाहेर बसून केवळ घंटी ऐकतात त्यांच्यापर्यंत आम्हाला ने, म्हणजे तिथे आम्हाला तू भेटशील. आमेन.